पासष्टच्या जाळीतली आई

दुकान रिकामं करायच्या दिवशी वडिलांनी माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती. त्यांच्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून ते घरीच थांबले आणि मी एकटी निघाले. मी दारात चप्पल घालत असताना ते म्हणाले, "उजवीकडच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक ब्लॉक आहे, तेवढा काढून ठेव. बाकी सगळं गेलं तरी चालेल." मी "हो" म्हणाले. दुकानात पोचले, भंगारवाला पोती घेऊन आधीच हजर होता, आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ऑफिसचा फोन. आत रेंज नव्हती म्हणून मी बाहेर गल्लीत आले आणि तिथं उभी राहून, मागून येणाऱ्या हातगाडीला वाट देत देत, कुठल्याशा परदेशी कंपनीच्या वेबसाइटवरचं बटण निळं असावं की गडद निळं, यावर मी पाऊण तास वाद घातला. परत आत आले तेव्हा पोत्यांची तोंडं शिवून झाली होती. ड्रॉवर रिकामे करून एकावर एक रचलेले. "झालं का सगळं?" मी विचारलं. "झालं ताई," तो म्हणाला. आणि मी चक्क समाधानाने हात झटकले.

ते समाधान मला अजून आठवतं. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ब्लॉक म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. वडील कसबा पेठेत ब्लॉकमेकर होते. छापखान्याच्या जुन्या यंत्राला फक्त दोनच गोष्टी कळायच्या, शाई लागली किंवा नाही लागली. मधला करडा रंग त्याला माहीत नव्हता. म्हणून माणसाचा फोटो छापायचा तर आधी त्याचे ठिपके करावे लागत. केसांत, भुवयांत मोठे, एकमेकांत मिसळलेले ठिपके. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक, सुटे सुटे. हे करायला वडिलांकडे कपाटाएवढा कॅमेरा होता आणि त्यात फिल्मच्या पुढे बसवायची, आडव्या-उभ्या रेघा कोरलेली एक काच. तिला ते जाळी म्हणत. वर्तमानपत्रासाठी पासष्टची जाळी, म्हणजे एका इंचात पासष्ट रेघा. त्या जाळीतून चेहरा जस्ताच्या पत्र्यावर उतरायचा, पत्रा आम्लात जायचा, आम्ल ठिपक्यांमधली जागा खायचं आणि ठिपके उभे राहायचे. मग तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर बारीक खिळ्यांनी ठोकला की झाला ब्लॉक. त्यावर माणूस उलटा असतो, उजवीकडचं डावीकडे, म्हणजे कागदावर तो सुलटा उमटतो. वडिलांची नखं आम्लाने कायमची पिवळी झालेली होती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांची तशी असतात.

पुढे ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आले, आणि पेठेतले ब्लॉकमेकर एकेक करत शटर ओढून मोकळे झाले. वडील सगळ्यांत शेवटी. ज्या कॉम्प्युटरने त्यांचा धंदा बुडवला त्याच कॉम्प्युटरवर मी पोट भरायला लागले, याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते बोलले नाहीत. एकदाच म्हणाले होते, "तुमच्याकडे चुकलं तर मागे जाता येतं म्हणे. चैन आहे."

आणि ड्रॉवरमधला तो एक ब्लॉक आईचा होता.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती बालवाडीत शिकवायची. तिचे फोटो मुळातच कमी. लग्न गावाकडे झालं, तिथं फोटोग्राफर पोचलाच नाही. पुढे नोकरीच्या अर्जाला लागतो म्हणून स्टुडिओत जाऊन तिने एक फोटो काढला, तीन प्रती मिळाल्या. दोन अर्जाला गेल्या. तिसरी घरी राहिली, पण त्याच आठवड्यात वडिलांनी नवी जाळी आणली होती आणि ती तपासायला त्यांना कुठला तरी चेहरा हवा होता. त्यांनी आईचा फोटो घेतला, मागची भिंत उजळावी म्हणून त्यावर ब्रशने पांढरा रंग फासला, आणि ब्लॉक केला. ब्लॉक उत्तम आला. त्याचा एक छाप काढला, भिंगातून पाहिला, आणि पाहून झाल्यावर त्याच कागदाला हात पुसले. रंग फासलेला फोटो कुठं गेला, कुणालाच आठवत नाही.

हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण ब्लॉकमेकरच्या घरी छापाला काडीची किंमत नसते. छाप म्हणजे रद्दी. ब्लॉक हातात आहे तोवर हवे तेवढे छाप काढता येतात, मग एक जपून ठेवायचा कशाला? असा विचार करत करत पंचवीस वर्षं गेली आणि आईचा एकही छाप घरात राहिला नाही.

ती गेल्यावर नातेवाइकांनी फोटो लावायचा खूप आग्रह केला. वडील म्हणाले, "भिंतीवर टांगलेली बाई मला नको." पण रोज सकाळी दुकान उघडलं की दिवे लावायच्या आधी ते तो ड्रॉवर ओढायचे, ब्लॉक बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिरपा धरायचे, मिनिटभर बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. सुट्टीत मी दुकानात असायची, तेव्हा हे रोज पाहिलंय. ब्लॉक मात्र मी कधी नीट हातात घेऊन पाहिला नाही. शाईने काळपटलेला, खेळातल्या पत्त्याएवढा एक तुकडा. मला त्यात चेहरा दिसायचाही नाही.

दुकान रिकामं झालं त्या संध्याकाळी मी घरी आले. वडिलांनी विचारलं, "ठेवलास ना?" तेव्हा मला आठवलं. आणि मी म्हणाले, "हो. खोक्यात ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तो दात घासत होता. मी काय शोधतेय ते ऐकून त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "ताई, तुमचं जस्त कालच गेलं. वितळलं पण असेल." मी तरीही त्याच्या गोदामात शिरले. पत्र्याच्या ढिगात हात घातला, बोट कापून घेतलं, कुणाकुणाचे ब्लॉक निघाले, नगरसेवकांचे, केसतेलाच्या बाटल्यांचे, एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा. ते दुसऱ्या कुणाच्या दुकानातले होते. आमचं एकही पोतं तिथं नव्हतं. त्याने माझ्या बोटाला बांधायला चिंधी दिली. तो वाईट माणूस नव्हता, वाईट मी होते.

त्याच आठवड्यात आम्ही पेठेतल्या दोन खोल्या सोडून वारज्याला माझ्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. चाळीस-एक खोकी होती, ती मी मागच्या बाल्कनीत रचली. माझं खोटं त्या खोक्यांच्या आड आरामात लपलं.

वडिलांचा साखरेचा आजार जुना होता. उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्याला लेझर करून झालं, पट्टी निघाली, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन सांगितलं की आतून पुन्हा रक्त येतंय, महिना मिळेल, फार तर दीड, त्यानंतर उजेड-अंधार एवढंच कळेल. वारज्याच्या पुलाखाली सिग्नलला परतीची रिक्षा थांबली तेव्हा वडील म्हणाले, "तो ब्लॉक काढून ठेव गं. जरा बघत जाईन म्हणतो."

"हो, शोधते," मी म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी ते विचारायचे. आवाजात तक्रार नसायची, दूधवाला आला का विचारावं तसं. "सापडलं खोकं?" "नाही अजून." "बरं." मला वाटायचं त्यांनी ओरडावं. एकदा ऑफिसातून लवकर घरी आले तर ते बाल्कनीत जमिनीवर बसलेले. भोवती सात-आठ खोकी उघडलेली, भांडी, पुस्तकं, माझे कॉलेजचे कपडे, सगळं पसरलेलं, आणि ते एकेक वस्तू हातात घेऊन, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन, मग बोटांनी चाचपून बाजूला ठेवत होते. मला पाहून म्हणाले, "तुझी आई पसाऱ्यात वस्तू ठेवायची तरी सापडायची."

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून रडले. त्याच दिवशी ठरवलं की खरं सांगायचं नाही, ब्लॉक करायचा. नवा, पण जुन्यासारखा. मी त्यांचीच मुलगी आहे, ठिपके मला रक्तातून कळत असतील, अशी काहीतरी माझी समजूत होती.

आईचा चेहरा असलेला एकच फोटो जगात उरला होता, तो बिबवेवाडीच्या मावशीकडे. बालवाडीचा समूहफोटो. समोर पाटीवर बालवाडीचं नाव लिहिलेलं, मागच्या रांगेत पाच बाया, त्यात दुसरी आई. तिचा चेहरा माझ्या करंगळीच्या नखाएवढा. भर उन्हात काढलेला. मावशी फोटो देताना म्हणाली, "परत आणून दे हं. तुमच्या घरी फोटोंचं काय होतं ते मला माहितीय."

ऑफिसातल्या चांगल्या स्कॅनरवर तो मी जमेल तितक्या मोठ्या आकारात स्कॅन केला. पडद्यावर आई आली आणि मला धक्काच बसला, कारण आलं होतं ते तोंड नव्हतं, नुसती वाळू होती. जुन्या कागदाचे कण, डाग, सुरकुत्या, आणि त्यात कुठंतरी हनुवटी. मग मी साफ करायला बसले. तीन शनिवार, घरी कॉम्प्युटरपुढे, वडील पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत. डाग काढले, ओरखडे भरले, धूळ टिपली. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे ठिबके होते. ते मी माउसने रेखाटले, पापण्या काढल्या, बाहुल्यांत चमक टाकली. मग सॉफ्टवेअरमधली ठिपक्यांची सोय उघडली, इंचाला पासष्ट, कोन पंचेचाळीस, आकार गोल, आणि बटण दाबलं. निमिषात ठिपके पडले. वडिलांना ज्याला अर्धा दिवस लागायचा, ते एका टिचकीत.

आणि ते ठिपके मेलेले होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. एकसारखे, गोल गोल, रांगेत उभे, जणू कुणी चाळणी धरून पावडर मारलीय. वडिलांच्या कामात ठिपका कपाळावर सुईच्या टोकाएवढा असायचा, गालावर येईतो चौकोनी व्हायचा, चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बसायचे, आणि केसांत शिरला की उलट होऊन काळ्यात पांढरं भोक उरायचं. कडा आम्लाने किंचित खाल्लेल्या, म्हणून कुठलेही दोन ठिपके सारखे नसायचे. मी आकार बदलले, कडा थोड्या विस्कटल्या, ठिपके करायच्या आधी फोटो धूसर केला, मग उलट जास्त कडक केला. छापून भिंतीला लावायची आणि लांबून बघायची. कधी आईला मिशी फुटायची, कधी गाल बसायचे. तारखा पुढे सरकत होत्या आणि पलीकडच्या खोलीत वडील रेडिओचं बटण आता हाताने शोधायला लागले होते.

त्यातल्या त्यात बरा छाप घेऊन मी मावशीकडे गेले. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हनुवटी तिची आहे," ती म्हणाली. "केस तिचेच. डोळे कुणाचे गं?" तिने माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. "तुझे आहेत हे. आणि तीळ कुठं गेला?"

"कसला तीळ?"

मी परत आणलेला समूहफोटो घेऊन मावशीने आईच्या गालावर बोट टेकवलं. तिथं एक बारीक काळा कण होता. मी तो पहिल्याच शनिवारी धूळ म्हणून पुसला होता. आईच्या गालावर तीळ होता हे मला माहीतच नव्हतं. नऊ वर्षं जिच्या मांडीवर लोळले तिच्या गालावर काय होतं ते मला आठवत नव्हतं, आणि मी निघाले होते तिचा चेहरा करायला. मावशी एवढंच म्हणाली, "उन्हात ती डोळे बारीक करायची. दिसणार नाहीत ते. राहू दे तसेच." मग तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

घरी येऊन मी माझे डोळे पुसून टाकले. ते दोन काळे ठिबके परत आणले. तीळ परत आणला. साफ केलेलं बरंचसं परत मळवलं. वडील म्हणायचे तशी मागे जायची चैन. आणि यावेळी ठिपके पाडले, कागद भिंतीला लावला आणि दारापर्यंत मागे आले, तेव्हा उन्हात डोळे बारीक केलेली एक बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला ओळखलं. खरंच ओळखलं. तिच्या कमरेला किल्ल्या असायच्या, हेसुद्धा त्या क्षणी आठवलं.

पण वडिलांना कागद नको होता. त्यांना ब्लॉक हवा होता, हातात वजन लागणारा. आमच्या जुन्या दुकानापासून चार गल्ल्यांवर एकजण अजून ब्लॉक करायचा, लग्नपत्रिकांवर सोनेरी अक्षरं ठोकण्यासाठीचे. त्याला मी सगळं सांगितलं आणि चेहऱ्याची फिल्म काढून दिली. तो वडिलांना ओळखत होता. "आम्ही अक्षरं करतो, चेहरे नाही," तो म्हणाला. "बारीक ठिपके आम्ल खाऊन टाकेल. तुमचे वडील शेवटपर्यंत ब्रशने ते ठिपके झाकत बसायचे, म्हणून राहायचे." पहिल्या खेपेला तसंच झालं, आईचं कपाळ सपाट धुऊन गेलं. मी कपाळावरचे ठिपके थोडे मोठे करून फिल्म पुन्हा आणली. दुसऱ्या खेपेला चेहरा राहिला. भिंगातून बघितलं, ठिपक्यांच्या कडा खाल्लेल्या, दोन ठिपके सारखे नाहीत. मी त्या माणसाच्या अक्षरशः पाया पडले. पेठेतल्याच फ्रेमवाल्याकडून जुन्या लाकडाचा ठोकळा कापून घेतला, पत्रा खिळ्यांनी ठोकला, वर शाई चोळून पुसली. काळपट, जुनाट, अगदी तसाच दिसायला लागला.

घरी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. वडील खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. "सापडला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकवेना.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ब्लॉक घेतला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला, अगदी पूर्वीसारखा. डाव्या डोळ्यापाशी नेला, दूर केला, मान कलती करून कडेने बघितलं. खूप वेळ. मग हात खाली आला. "नाही दिसत," ते म्हणाले. "परवापर्यंत दिसलं असतं."

मला ओरडावंसं वाटलं. एक मिशी, एक सपाट कपाळ, माझे ते चमकदार डोळे, त्यांत ते परवापर्यंतचे दिवस गेले होते.

मग त्यांनी अंगठा टेकवला. ब्लॉकवर उजेड खरखरीत लागतो, सुटे ठिपके बोटाला टोचतात. अंधार गुळगुळीत लागतो. त्यांचा अंगठा केसांवरून फिरला, कपाळावर आला, तिथं थांबला. "पासष्टची आहे," ते म्हणाले. "कपाळ जरा जाड झालंय." जमलं होतं. अंगठा नाकावरून खाली आला, डाव्या कडेला गालावर गेला. तिथं नखाची कड लावून ते शोधायला लागले. पुढे, मागे, परत पुढे. मग सावकाश अंगठा उजव्या कडेला गेला, आणि थांबला.

"तीळ इकडे आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. ब्लॉकवर माणूस उलटा असतो हे मला जन्मापासून माहीत, म्हणून कुणी न सांगता मी फिल्मवर आईला उलटं करून दिलं होतं. आणि त्या माणसाने, रोज प्रत्येक पत्रिकेचं करतो तसं, तिला पुन्हा उलटं केलं. दोनदा उलटून आई सुलटी झाली होती. मी भिंगातून एकेक ठिपका तपासला आणि अख्खा चेहरा तपासला नाही.

"दोघांनीही उलटवली वाटतं," वडील म्हणाले. "अक्षरं असती तर तिथंच कळलं असतं. चेहऱ्याचं असंच असतं, कळत नाही." मग ब्लॉक मांडीवर ठेवत, "माझा भंगारात गेला ना?"

मी खाली जमिनीवर बसले. त्यांच्या गुडघ्याला धरून सगळं सांगितलं, फोन, निळं बटण, पोती, गोदाम. ते ऐकत होते. "त्या दिवशी तू 'हो, खोक्यात ठेवलाय' म्हणालीस, तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "तुझं खोटं लहानपणापासून लगेच ओळखू येतं."

"मग खोकी का उघडत बसलात, बाबा?"

"म्हटलं, माझं चुकत असेल."

मी म्हणाले, उलटी करून आणते, दोन दिवस द्या, फिल्म तयार आहे, नुसती एकदा फिरवायचीय. मी हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून. "अशीच दिसायची ती, सगळ्यांना. तीळ डाव्या गालावर," ते म्हणाले. "मी पंचवीस वर्षं रोज उलटी बघितली. आता डोळे मिटले की मला तीच दिसते, दुसरी येत नाही." त्यांनी ब्लॉक चाचपून माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"ही तुझी आई आहे. ठेव तुझ्याकडे. माझी गेली."

मग त्यांनी चहा मागितला. मी उठून आत गेले, आधण ठेवलं, आणि साखर घालायची नाही एवढं लक्षात ठेवलं.